सलाईनचा थेंब आधी: रुग्णालयातल्या स्यूडोमोनासचं सीरम-टायपिंग

आयसीयूतल्या तीन रुग्णांच्या नमुन्यांत एकाच आठवड्यात स्यूडोमोनास हा जंतू निघाला, की इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर दुपारच्या आत लॅबच्या दारात उभ्या असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: “तिन्ही एकच का?” म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागला, की ज्याचा त्याचा वेगळा? अँटिबायोटिकच्या तक्त्यावरून याचं उत्तर मिळत नाही. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन जंतू त्याच त्या औषधांना दाद देत नाहीत असं नेहमी होतं, आणि एकच जंतू औषधं चालू असताना आठवड्याभरात आपला तक्ता बदलतो. मग जंतूच्या अंगावरची खूण बघावी लागते. छोट्या लॅबला जमेल अशी आणि त्याच दिवशी हाती येणारी खूण म्हणजे सीरमने, म्हणजे अँटिबॉडी असलेल्या रक्ताच्या पाण्याने, केलेलं टायपिंग, जंतूचा प्रकार ओळखणं.

मी फोंड्याजवळ राहते आणि गेली बावीस वर्षं गोव्यातल्या रुग्णालयांच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून नवीन मुलं-मुली आली की त्यांना शेजारी बसवून जे दाखवते, तेच इथे लिहिते आहे. त्यातलं एक आधीच सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. “हे दोन जंतू वेगळे” हे सीरम-टायपिंग बऱ्याच खात्रीने सांगतं. “हे दोन एकच” हे ते कधीच सांगत नाही, “एकच असू शकतील” इथपर्यंतच येतं. हा फरक विसरला की कुणाच्या तरी माथी खापर फुटतं. माझ्या हातून एकदा ते झालं आहे, पुढे सांगते.

खूण कसली असते

स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या बाहेरच्या आवरणावर लिपोपॉलिसॅकराइड असतं. त्याचं बूड आवरणात रुतलेलं असतं आणि साखरेच्या कड्यांची एक लांब साखळी बाहेर लोंबत असते. तिला ओ-अँटिजेन म्हणतात. कड्या कुठल्या आणि कशा जोडल्यात यावरून प्रकार ठरतो. १९८३ साली आंतरराष्ट्रीय योजनेत ओ१ ते ओ१७ असे सतरा प्रकार ठरले, नंतर ते वाढून वीस झाले. संशोधनाच्या लॅबमध्ये जगभर वापरला जाणारा पीएओ१ हा स्ट्रेन, म्हणजे जंतूचा एक ठरावीक वाण, ओ५ प्रकारचा आहे. तो मिळाला तर कंट्रोल म्हणून, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला ताडून बघायचा जंतू म्हणून, जपून ठेवा.

सीरम तयार होतं सशात. एका प्रकारचे मारलेले जंतू सशाला टोचतात, त्याच्या रक्तात त्या साखळीविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. मग ते सीरम इतर प्रकारच्या जंतूंमध्ये मिसळून नको त्या अँटिबॉडी शोषून काढतात. उरलेली अँटिबॉडी आपल्या प्रकारचा जंतू भेटला की दोन हातांनी दोन जंतू धरते, ते आणखी दोघांना धरतात, आणि डोळ्यांना गुठळ्या दिसू लागतात. सीरमने जंतूंच्या गुठळ्या होतात हे ग्रुबर आणि डरहॅम यांनी १८९६ साली मांडलं, त्याच वर्षी विडालने त्यावरून टायफॉइडची तपासणी बसवली. म्हणजे आपली पद्धत सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि तिच्यातल्या चुकाही तितक्याच जुन्या आहेत.

शोषून काढलं तरी थोडी सरमिसळ राहते. ओ२, ओ५, ओ१६, ओ१८ आणि ओ२० यांच्या साखळ्या एकमेकींच्या बहिणी आहेत. एखादा जंतू यातल्या दोन-तीन सीरमना धरू लागला तर घाबरू नका, पण त्यातलं आपल्या सोयीचं एक उचलून लिहूही नका.

स्लाइड हातात घेण्याआधी

आधी कागद घ्या. प्रत्येक आयसोलेटपुढे, म्हणजे नमुन्यातून वेगळा काढून वाढवलेल्या जंतूपुढे, रुग्णाचा लॅब नंबर, वॉर्ड, खाट, भरती झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख आणि नमुना कशाचा हे लिहा. भरती होऊन ४८ तास झाल्यावर सुरू झालेला संसर्ग आपण रुग्णालयातला धरतो, म्हणून या दोन तारखांमधलं अंतर महत्त्वाचं. गोव्यात आणखी एक रकाना लागतो: रुग्ण आधी कुठे होता. पेडण्याचा माणूस म्हापशाला भरती होतो, तिथून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जातो, मधल्या काळात एखाद्या खाजगी रुग्णालयात दोन रात्री काढलेल्या असतात. राज्य लहान आहे, रुग्ण फिरतात आणि जंतूही त्यांच्याबरोबर फिरतात. सगळं आपल्याच आयसीयूत घडलं असं धरून बसू नका.

मग कंट्रोलची तयारी. ज्या तिघांचा संशय आहे त्यांच्याबरोबर संबंध नसलेले चार-पाच स्यूडोमोनासही टाइप करायचे: दुसऱ्या मजल्यावरच्या सर्जिकल वॉर्डचा जखमेचा, ओपीडीतला कानाचा, दोन महिन्यांपूर्वीचा लघवीचा. नवीन मुलं हे गाळतात, कारण सीरम महाग असतं. पण समजा तिघे ओ६ निघाले आणि तुमच्या रुग्णालयात वाटेल तो स्यूडोमोनास उचलला तरी ओ६च निघत असेल, तर तुम्हाला काय कळलं? ओ६ आणि ओ११ जगभरच्या रुग्णालयांत सारखे भेटतात. आपल्या घरात कुठला प्रकार नेहमीचा आहे हे माहीत असल्याशिवाय जुळण्याला वजन येत नाही.

जंतू ताजा हवा. एकच कॉलनी उचलून न्यूट्रियंट अगारवर घ्या, ३७ अंशावर १८ ते २४ तास ठेवा. मॅकॉन्की अगारच्या प्लेटवरून थेट टायपिंग करू नका. त्यातल्या पित्तक्षारांमुळे पृष्ठभाग बिघडतो आणि खोट्या गुठळ्या दिसू शकतात. दोन दिवस जुन्या प्लेटवरूनही नको. ओळख पक्की आहे ना ते बघा: ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, ४२ अंशावर वाढ, हिरवट रंग. द्राक्षासारखा गोडसर वास प्लेट उघडताच आपोआप येतो. तो घ्यायला म्हणून प्लेट नाकाजवळ नेऊ नका, ही सवय मी दोन मुलींच्या हातावर चापट मारून मोडली आहे.

सीरमच्या बाटल्या २ ते ८ अंशावर राहतात. गोठवायच्या नाहीत. काम सुरू करण्याआधी अर्धा तास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बाटली गढूळ दिसली किंवा तळाशी साका हलला तर ती बाजूला ठेवा. जून ते सप्टेंबर इथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून फ्रीजला तापमान नोंदवणारा थर्मामीटर लावा आणि सकाळी आल्या-आल्या आकडा वहीत उतरवा. जनरेटरवर फ्रीजची लाइन आहे का, हे इलेक्ट्रिशियनला स्वतः विचारा. आमच्या एका लॅबमध्ये ती नव्हती, आणि हे आम्हाला तुळशीच्या लग्नापर्यंत कळलं नव्हतं.

थेंब

टेबलावर काळा कागद, बाजूला मान वाकणारा दिवा. पंखा बंद करा. हे मी ठळक अक्षरांत भिंतीवर लावलं आहे. मे महिन्यात पंख्याखाली लहान थेंब एक मिनिटात कडेने सुकायला लागतो आणि सुकणारी कड दाणेदार दिसते. एसीचा झोतही स्लाइडवर नको. पावसात उलटं होतं: फ्रीजमधून काढलेल्या स्लाइडवर दव धरतं आणि थेंब पसरतो. म्हणून स्लाइड्स फ्रीजमध्ये ठेवूच नका.

स्वच्छ, तेलकटपणा नसलेल्या स्लाइडवर ग्लास-मार्किंग पेन्सिलने दोन चौकोन आखा. डाव्या चौकोनात ०.८५ टक्के सलाईनचा एक थेंब. उजवा अजून रिकामा. प्लेटवरची थोडीशी वाढ लूपने किंवा निर्जंतुक टूथपिकने घ्या, टाचणीच्या डोक्याइतकी पुरे. ती थेंबात थेट बुडवायची नाही. थेंबाच्या कडेला काचेवर आधी घासा, मग हळूहळू सलाईन तिच्यात ओढून घ्या, ताकात पीठ कालवताना गाठी राहू नयेत म्हणून करतो तसं. थेंब एकसारखा दुधाळ झाला पाहिजे. तांदळाच्या धुवणाइतका पातळ असेल तर गुठळ्या दिसणार नाहीत. फार घट्ट असेल तर सीरम कमी पडेल.

आता स्लाइड दोन्ही हातांत धरून पुढे-मागे झुलवा. एक मिनिट, घड्याळ बघून. दिव्याचा प्रकाश तिरका, खाली काळा कागद. थेंब दुधाळ राहिला तर पुढे जा. तो फुटला, म्हणजे दाणे दिसले आणि मधलं पाणी निवळलं, तर थांबा. हा जंतू कुठल्याही सीरमशिवाय स्वतःहून गुठळ्या धरतो. त्याची ओ-साखळी गळून गेलेली असते, त्याला आपण ‘रफ’ म्हणतो. तो सगळ्याच सीरममध्ये गुठळ्या दाखवेल आणि प्रत्येक वेळी ते खोटं असेल.

सलाईनने पास केलेल्या जंतूलाच सीरम दाखवायचं. आधी मिश्र सीरम, म्हणजे पूल. किटमध्ये किती पूल आणि कुठल्या पूलमध्ये कुठले प्रकार हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. किट बदललं की ते पत्रक पहिल्यापासून वाचा. उजव्या चौकोनात पूलचा एक थेंब, त्यात तशीच वाढ तशीच कालवायची, झुलवायची. खरा पॉझिटिव्ह बघायला फार वाट पाहावी लागत नाही. पाच-दहा सेकंदांत थेंबात हालचाल दिसते, मग बारीक दाणे, मग ते एकमेकांकडे ओढले जातात, आणि दाण्यांच्या मधलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. नारळाच्या रसाला उकळी जास्त झाली की हुमण फुटतं, दाणा वेगळा आणि पाणी वेगळं होतं, अगदी तसं. स्वयंपाकघरात ज्याने ते पाहिलं आहे त्याला चार-प्लस, म्हणजे सगळ्यात जोराचा निकाल, शिकवावा लागत नाही.

मिनिट झालं की वाचन संपलं. दीड मिनिटाने दिसलेलं काहीतरी, कडेला धरलेली साय, “मला वाटतं थोडंसं आहे”, हे सगळं निगेटिव्ह. मी मुलींना सांगते, मनात वादावादी सुरू झाली की उत्तर ‘नाही’ आहे. शंका असेल तर नवीन थेंब, नवीन स्लाइड.

एक पूल लागला तरी उरलेले पूल सोडू नका, सगळे बघून मगच लागलेल्या पूलमधले सुटे सीरम एकेक करून. एकच सीरम जोरात आणि लगेच धरत असेल तर तो प्रकार. रजिस्टरमध्ये फक्त “ओ११” लिहून भागत नाही. सलाईन: निगेटिव्ह. पूल: कुठला, किती प्लस. सुटं सीरम: कुठलं, किती प्लस, किती सेकंदांत. सीरमचा लॉट नंबर. कंट्रोल जंतू लावला त्याचा निकाल. वाचणाऱ्याची सही.

ज्या दिवशी मी सलाईनचा थेंब घातला नाही

काही वर्षांपूर्वी, चवथीच्या आदल्या आठवड्यात, आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या तिघांच्या श्वासनलिकेच्या नमुन्यांत स्यूडोमोनास निघाला. अर्धी लॅब रजेवर गेली होती. पहिला आयसोलेट मी नीट सगळ्या पूलमधून काढला, ओ११ आला. मग घाई केली. उरलेल्या दोघांना पूल दाखवलेच नाहीत, सरळ ओ११चं सीरम घातलं. मला तेच हवं होतं. पंखा चालू होता. दुसऱ्याच्या थेंबात कडेने दाणे दिसले, तिसऱ्यात भरपूर गुठळ्या. सलाईनचा रकाना कोरा. “तिन्ही ओ११” असा निकाल मी फोनवर दिला.

संध्याकाळच्या बैठकीत तो निकाल “तिन्ही एकच” झाला. तिन्ही रुग्णांकडे एकच सिस्टर होत्या, सत्तरी तालुक्यातल्या, बारा वर्षं आयसीयूत काढलेल्या. त्यांचे हात नीट धुतले जात नसावेत असा निष्कर्ष निघाला आणि त्यांना दुसऱ्या दिवशी आयसीयूतून हलवलं. त्या कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत.

चवथ संपवून आमच्या लॅबच्या मॅडम परत आल्या. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट त्या कोऱ्या रकान्यावर ठेवलं.

“गो, सलाईनचा थेंब खंय?” म्हणजे कुठे आहे?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नशिबाने प्लेट्स टाकल्या नव्हत्या, फ्रीजमध्ये होत्या. मॅडमनी माझ्याकडून तिन्ही पुन्हा वाढवून घेतले, आणि स्वतः नंबर बदलून ठेवले, कुठला कुणाचा हे मला कळू नये म्हणून. दुसरा आयसोलेट ओ६ निघाला. तिसरा साध्या सलाईनमध्येच फुटत होता. म्हणजे दुसऱ्याचा पहिल्याशी संबंध नव्हता आणि तिसऱ्याबद्दल या पद्धतीने काहीच म्हणता येत नव्हतं. तिघांना जोडणारी साखळी मी तयार केली होती.

सुधारित निकाल लेखी गेला. सिस्टरना मी जाऊन भेटले, वॉर्डच्या पॅन्ट्रीत. मी सांगत असताना त्या चहा गाळत होत्या. गाळून झाल्यावर म्हणाल्या, “बाय, माझे हात मला माहीत होते. पण कागदापुढे मी काय बोलणार?” पुढच्या महिन्यात त्या आयसीयूत परत आल्या.

तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये चार गोष्टी बदलत नाहीत. सलाईनचा रकाना भरल्याशिवाय पुढचा रकाना भरता येत नाही. प्रत्येक आयसोलेट सगळ्या पूलमधून जातो, आधीच्याचा निकाल काहीही असो. आणि टायपिंग करणाऱ्याला नंबर माहीत असतो, रुग्ण माहीत नसतो. नंबर दुसऱ्याने घालायचे. निकाल फोनवर सांगायचा नाही.

काहीच लागलं नाही तर

सगळे पूल निगेटिव्ह आले, तर पहिला संशय चिकट जंतूवर घ्या. स्यूडोमोनास कधी कधी अल्जिनेटचा जाड चिकट थर पांघरतो, कॉलनी ओघळल्यासारखी दिसते. त्या थराखाली ओ-साखळी झाकली जाते आणि सीरम तिथवर पोचत नाही. अशा वेळी सलाईनमध्ये दाट मिश्रण करा, किटच्या पत्रकाप्रमाणे उकळा किंवा ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशावर ठेवा, थंड झाल्यावर सेंट्रीफ्यूज करून वरचं पाणी टाका, खालचा गाळ थोड्या ताज्या सलाईनमध्ये कालवा, आणि या मिश्रणाने पुन्हा सलाईनपासून सुरुवात करा. ओ-अँटिजेन उष्णतेने मोडत नाही, म्हणून हे चालतं. काही किटमध्ये पहिल्यापासूनच असं तापवलेलं मिश्रण वापरायला सांगतात.

रफ जंतूवरही एक प्रयत्न करून पाहा: प्लेट नीट निरखून सगळ्यात गुळगुळीत, गोल कॉलनी निवडा आणि ती पुन्हा वाढवा. कधी कधी तीच प्लेट दोन तऱ्हेच्या कॉलनी दाखवते. जमलं नाही तर निकाल “टाइप करता आला नाही” असा लिहा, आणि कारण लिहा: सलाईनमध्ये स्वतःहून गुठळ्या, किंवा कुठल्याच सीरमला प्रतिसाद नाही. ही दोन कारणं वेगळी आहेत. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं राहिलेले चिकट जंतू बरेचदा साखळी गमावतात, आणि मग ते एक तर कशालाच धरत नाहीत किंवा बऱ्याच सीरमना एकदम धरतात. त्यांच्यावर सीरम वाया घालवू नका.

निकालाचा अर्थ काढताना

दोन गुळगुळीत, सलाईनमध्ये शांत राहिलेले आयसोलेट दोन वेगळ्या प्रकारांचे निघाले, तर ते एकमेकांपासून आलेले नाहीत असं लिहायला हरकत नाही. पण स्रोतही वेगळा असं त्यावरून ठरत नाही. हात धुण्याच्या सिंकच्या मोरीत स्यूडोमोनासचे दोन-तीन प्रकार एकत्र नांदतात. म्हणून नळाच्या तोंडाचा, मोरीच्या जाळीचा, ह्युमिडिफायरच्या पाण्याचा स्वॅब आला की त्या प्लेटवरची एक कॉलनी उचलून थांबू नका. वेगवेगळ्या दिसणाऱ्या निदान पाच घ्या. एक कॉलनी ओ१ निघाली म्हणून सिंक निर्दोष ठरवलं आणि ओ११ त्याच प्लेटवर बाजूला बसला होता, असं सहज होतं.

प्रकार जुळला तर वजन बघा. नेहमीचा ओ६ जुळला तर वजन हलकं. तुमच्या वर्षभराच्या रजिस्टरमध्ये कधी न दिसलेला प्रकार एका आठवड्यात तिघांत आणि त्यांच्या खाटेशेजारच्या नळात सापडला तर भारी. भारी असलं तरी शिक्का मारायचं काम पुढच्या, जंतूच्या डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या पद्धतीचं आहे: पल्स्ड फील्ड जेल, एमएलएसटी किंवा आता संपूर्ण जीनोम. तिकडे पाठवायचे आयसोलेट निवडून देणं, वीसातले चार, हे सीरम-टायपिंगचं खरं काम. अहवालात माझं वाक्य ठरलेलं आहे: “तिन्ही आयसोलेट एकाच सीरम-प्रकाराचे आहेत, ते एकाच स्ट्रेनचे आहेत किंवा नाहीत हे या तपासणीवरून ठरत नाही.” डॉक्टरांना ते लांबलचक वाटतं. मी एक शब्दही कमी करत नाही.

आणि अहवालाची वाट न बघता हात धुणं, सक्शनची नळी, ह्युमिडिफायरमध्ये निर्जंतुक पाणी, हे सिस्टरनी त्याच दिवशी घट्ट करायचं असतं. त्याला टायपिंग लागत नाही.

दुसरे जंतू

क्लेब्सिएल्लाची खूण ओ-साखळीत नाही, कॅप्सूलमध्ये, म्हणजे जंतूभोवतीच्या जाड थरात, बघतात. त्याचे ७७ प्रकार मानलेले आहेत आणि यकृतातल्या गळवांमध्ये के१ आणि के२ पुन्हा पुन्हा भेटतात. स्लाइडवर गुठळ्या बघण्यापेक्षा इथे न्यूफेल्डने १९०२ साली दाखवलेली रीत भरवशाची: जंतूच्या पातळ मिश्रणात सीरम, वर कव्हरस्लिप, ऑइल इमर्शनखाली बघायचं. प्रकार जुळला की कॅप्सूलची कड ठळक होते आणि जंतू फुगल्यासारखा दिसतो. शेजारी सीरम नसलेला थेंब हवाच, नाहीतर डोळ्याला सगळंच फुगलेलं दिसू लागतं. जंतूने कॅप्सूल धरावी म्हणून तो वोर्फेल-फर्ग्युसन माध्यमावर वाढवतात. ७७ सीरम ठेवणं आपल्यासारख्या लॅबला शक्य नाही. बाहेर जीनोम होणार असेल तर कॅप्सूलचा प्रकार त्यातूनच, काप्टिव्ह नावाच्या प्रोग्रॅमने, काढून मिळतो. तो मागून घ्या.

साल्मोनेलाची सीरम मात्र ठेवा. बाळांच्या वॉर्डात तो शिरला तर वेळ नसतो. पूर्ण प्रकार काढण्यासाठी कसौलीच्या सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं नॅशनल साल्मोनेला अँड एशेरिचिया सेंटर आहे. एमआरएसएच्या, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसच्या, मागे सीरम घेऊन लागू नका: त्याचे बहुतेक आयसोलेट कॅप्सूलच्या ५ आणि ८ या दोनच प्रकारांत बसतात, मग वेगळं काय कळणार? त्याला स्पा-टायपिंग, स्पा या जीनवरून केलेलं. लेजिओनेलात, पाण्यातून येणाऱ्या न्यूमोनियाच्या जंतूत, एक गोष्ट लक्षात ठेवा: लघवीची झटपट तपासणी मुख्यतः सीरोग्रुप १च पकडते, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी कल्चर सोडायचं नाही.

आवरताना

स्लाइडवरचे जंतू जिवंत असतात हे कामाच्या भरात विसरायला होतं. तापलेला लूप वाढीत घातला की चर्र आवाज येतो, ते तुषार आपल्याच तोंडावर येतात. लूप थंड होऊ द्या. थेंबात बुडबुडे काढू नका. जमेल तेवढं काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये करा. वापरलेल्या स्लाइड्स न टोचणाऱ्या डब्यात गोळा करा, प्लेट्स वेगळ्या. दोन्ही आधी आपल्याच लॅबमध्ये ऑटोक्लेव्ह, मग २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे प्लेट्स पिवळ्या पिशवीत, काच निळ्या खुणेच्या डब्यात.

पण आयसोलेट टाकू नका. प्रत्येकाचे दोन साठे करा. एक ग्लिसरॉल घातलेल्या ब्रॉथमध्ये, उणे ७० अंशाचा फ्रीजर असेल तर तिथे. दुसऱ्यासाठी, आणि फ्रीजर नसेल तर दोन्हींसाठी, स्यूडोमोनासपुरता एक स्वस्त उपाय आहे: घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी आणि त्यात लूपभर ताजी वाढ. खोलीच्या तापमानाला, कपाटात, उजेडापासून दूर. नुसत्या पाण्यात हा जंतू महिनोन्‌महिने तग धरतो, त्याच्या याच गुणामुळे तो आपल्या नळात आणि ह्युमिडिफायरमध्ये राहतो. बाटलीवर लेबल पेन्सिलने लिहा. पावसाळ्याच्या दमट हवेत पेनची शाई उतरते. लॅब नंबर, तारीख, वॉर्ड, सलाईनचा निकाल, प्रकार, सीरमचा लॉट. रुग्णाचं नाव नको. तीच ओळ रजिस्टरमध्ये, आणि शेजारी कपाटातला कप्पा कितवा ते.